स्पर्धेची एंट्री आणि ऑफिसची वही

घर, जागा, बांधकाम : वाचकांचे प्रश्न

या सदराकडे एरवी ओल, गळती, पार्किंग आणि वास्तुशास्त्र यांवरचे प्रश्न येतात. या महिन्यात मात्र आर्किटेक्चरच्या डिझाइन स्पर्धांबद्दल चार पत्रं आली. बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवून आज ही चार घेते. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण त्यातला प्रश्न मलाही वर्षानुवर्षं सोडवावा लागला आहे.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी आणि माझे मिस्टर दोघंही आर्किटेक्ट. इंदिरानगरला चार वर्षांपासून आमचं ऑफिस आहे, दोन ज्युनिअर आहेत. बंगले, रो-हाऊस, फ्लॅटचं इंटिरिअर अशी कामं चालू असतात. गेल्या वर्षी आम्ही तीन डिझाइन स्पर्धांत भाग घेतला. दोन स्पर्धांत नाव आलं नाही, तिसरीचा निकालच लागला नाही. मिस्टरांचं म्हणणं, हा नाद सोडू, तेवढ्या वेळात दोन इंटिरिअर होतील. मला वाटतं, स्पर्धा सोडल्या तर आयुष्यभर बंगलेच करत राहू. शाळा, वाचनालय, घाट असलं काम आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या वाटेनं येणार? यावरून आमच्यात रोज वाद होतो. तुमचा अनुभव काय?
– एक आर्किटेक्ट, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आधी तुमच्या मिस्टरांचा मुद्दा घेते. तो पैशाचा आहे, आणि पैशाचा मुद्दा कागदावर मांडायचं आपण आर्किटेक्ट लोक टाळतो.

माझ्या ऑफिसात एक लांबट हिशोबाची वही आहे. कुठल्या कामावर कुणी किती तास घातले ते रोज संध्याकाळी तिच्यात लिहायचं, अशी पद्धत मी 2005 पासून ठेवली आहे. मागच्या एका स्पर्धेचं पान समोर ठेवून लिहिते. दोन ज्युनिअर, प्रत्येकी दीडशे तास. पगार, भाडं, वीज, सॉफ्टवेअर सगळं धरून ज्युनिअरचा एक तास मला 270 रुपयांना पडतो, म्हणजे 81,000. माझे स्वतःचे ऐंशी तास, तासाला हजार धरले तर 80,000. रेंडर (संगणकावर काढलेली चित्रं), प्रिंट आणि मॉडेल मिळून 25,000. नोंदणी फी 5,000. बेरीज झाली 1,91,000 रुपये. आता दोन हजार चौरस फुटांचा बंगला 44 लाखांत होतो असं धरा आणि फी पाच टक्के मिळाली असं धरा. ती होते 2,20,000. एका स्पर्धेत जवळजवळ एका बंगल्याची अख्खी फी गेली. तुमच्या तीन स्पर्धांचं असं पान मांडून दोघांनी एकदा शेजारी बसून बघा, म्हणजे वाद निदान एका आकड्यावर येईल.

एवढं घालून काम हाती लागण्याची शक्यता किती? पॅरिसच्या पोंपिदू सेंटरसाठी 1971 साली झालेल्या स्पर्धेत 681 एंट्र्या होत्या. ती जिंकणाऱ्या रेन्झो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स यांची नावं आपण कॉलेजपासून ऐकतो. उरलेल्या 680 एंट्र्यांमागेही कुणीतरी रात्री जागवल्या होत्या. सिडनीच्या ऑपेरा हाऊसला 233 एंट्र्या आल्या होत्या. तिथे 1957 साली पहिला आलेला डेन्मार्कचा योर्न उट्झॉन 1966 मध्ये सरकारशी वाद होऊन काम अर्ध्यावर सोडून गेला. 1973 साली उघडलेली ती इमारत पुरी झालेली त्याने स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिली नाही.

आपल्या देशातही तेच. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राची आंतरराष्ट्रीय स्पर्धा 1986 साली अमेरिकेच्या राल्फ लर्नर यांनी जिंकली, पण त्या आराखड्यातला थोडाच भाग उभा राहिला. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या नव्या विंगची स्पर्धा 2014 मध्ये स्टीव्हन हॉल यांनी जिंकली. ती विंग झाली नाही. आंध्रची राजधानी अमरावती इथल्या सरकारी इमारतींसाठी 2016 मध्ये जपानच्या फुमिहिको माकी यांची निवड झाली, पुढे ती रद्द झाली आणि काम लंडनच्या फॉस्टर यांच्या ऑफिसकडे गेलं. एवढ्या मोठ्या नावांची ही गत झाली. तेव्हा पहिलं बक्षीस आलं की काम आलंच, असं मनात धरून स्पर्धेत उतरू नका.

आता तुमचं म्हणणं, आणि ते माझ्या जास्त जवळचं आहे. सार्वजनिक कामाचं कुठलंही टेंडर उघडा. सुरुवातीलाच मागच्या काही वर्षांची उलाढाल आणि तशाच प्रकारचं, तशाच रकमेचं पूर्ण केलेलं काम मागतात. वाचनालय केलेलं नाही म्हणून वाचनालय मिळत नाही, आणि मिळत नाही म्हणून केलेलं नाही. चार वर्षांच्या ऑफिसला या चक्रातून बाहेर काढणारी वाट मला तरी खुली, निनावी स्पर्धा हीच दिसते. दिल्लीत इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाचं उद्घाटन 25 फेब्रुवारी 2019 ला झालं. ते काम चेन्नईच्या वीबी डिझाइन लॅब या तरुण ऑफिसला स्पर्धेतून मिळालं होतं. नॉर्वेच्या स्नोहेट्टा या ऑफिसचं उदाहरणही असंच. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाची स्पर्धा त्यांनी 1989 साली जिंकली तेव्हा त्यांना कुणी ओळखत नव्हतं. ग्रंथालय उघडलं 2002 मध्ये. तेरा वर्षं! तेवढा दम ऑफिसला लागतो, हेही लक्षात ठेवा.

माझ्या स्वतःच्या दोन स्पर्धा सांगते. काम दोन्हींतून मिळालं नाही.

2003 साली, प्रॅक्टिस सुरू करून पाच वर्षं झाली होती, तेव्हा एका संस्थेने दुसऱ्या जिल्ह्यातल्या आपल्या जागेवर सांस्कृतिक सभागृह बांधण्यासाठी प्रस्ताव मागवले. तीन आठवडे मी आणि माझ्या ज्युनिअरने दुसरं काही केलं नाही. शेवटच्या रात्री कॅनडा कॉर्नरजवळच्या प्लॉटिंगच्या दुकानात पहाटे दोनपर्यंत बसून सहा ए-वन शीट काढली. पाचव्या शीटवर निळी शाई संपली, तेव्हा दुकानदार स्कूटर काढून घरून नवी कार्ट्रिज घेऊन आला. सकाळी नाशिक रोडहून पंचवटी एक्सप्रेस धरली. गर्दीत शीटची ट्यूब दबू नये म्हणून ती छातीशी उभी धरून मी दाराजवळ उभी होते. इगतपुरीला एक पासवाले काका उठले, मला जागा दिली आणि म्हणाले, "पेपर आहे का पोरी?"

दुसरा क्रमांक आला. शाल, श्रीफळ आणि पंधरा हजारांचा चेक. दोन वर्षांनी त्याच गावात एका लग्नाला गेले, तर सभागृह उभं होतं. आत शिरल्याबरोबर ओळखलं. खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांचं अंगण, त्याच्या कोपऱ्यात राखलेला कडुनिंब, आणि पायरीवर बसलेल्याला स्टेज दिसावं म्हणून तिरकी घेतलेली भिंत. माझ्या चौथ्या शीटवरचा सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, जसाच्या तसा. फक्त पायरीची उंची सहा इंचांऐवजी नऊ इंच केली होती, आणि म्हाताऱ्या बायका एकमेकींचा हात धरून, आडव्या होऊन उतरत होत्या. मला त्या पंगतीत घास उतरला नाही. सेक्शन नेला याचं दुःख होतंच, पण नेला तर नीट तरी बांधायचा होता. घरी येऊन स्पर्धेची नियमावली शोधली. एकच पान होतं, आणि तळाशी ओळ होती : आलेल्या सर्व प्रस्तावांवर संस्थेचा हक्क राहील. तीन आठवड्यांत ती ओळ मी एकदाही वाचली नव्हती. वही त्या आठवड्यापासून सुरू झाली.

दुसरी स्पर्धा 2011 ची. गोदाघाटावर स्नानाला येणाऱ्या बायकांसाठी कपडे बदलायची सोय, असा विषय होता. फक्त कल्पना मागवल्या होत्या, बांधकाम होणार नाही हे आधीच स्पष्ट लिहिलं होतं. आम्ही तिघी आठ दिवस पहाटे साडेपाचला रामकुंडाजवळ जाऊन बसलो. ओलं लुगडं बदलणारी आजी कशी उभी राहते ते कधी बघितलंय? कोरड्या लुगड्याचा काठ ती दातांत धरते, एका हाताने निऱ्या सावरते आणि दुसरा हात टेकायला भिंत शोधते. दार-कडीची खोली तिला नको असते. अंधारात ओल्या फरशीवर पाय घसरतो, आणि बाहेर ठेवलेली पिशवी दिसत नाही म्हणून जीव थाऱ्यावर राहत नाही. खांद्याएवढी भिंत, हाताला कठडा आणि पिशवी नजरेसमोर राहील असा कोरडा ओटा एवढं तिला पुरतं. आमच्यातल्या एकीने टेप घेऊन तिथल्या बायका ज्या ज्या कठड्यावर आपणहून टेकत होत्या ते सगळे मोजले, आणि ओट्याची उंची अठरा इंचांवर ठरली. पुराचं गणित घाटावरच्या फुलवाल्या मावशींनी शिकवलं. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं की काय बुडतं, कमरेला लागलं की काय वाहून जातं, हे त्यांनी बोट दाखवून सांगितलं. म्हणून आम्ही प्रवाहाला आडवं येईल असं काही पक्कं ठेवलं नाही, पडद्यांच्या चौकटी उचलून नेता येतील अशा केल्या.

आमची एंट्री पहिल्या छाननीतच गळाली. वहीत त्या पानावर तिघींचे मिळून 120 तास आहेत. तीन वर्षांनी दिंडोरी तालुक्यात मुलींच्या एका वसतिगृहाचं काम आलं, तेव्हा न्हाणीघरांबाहेर तोच अठरा इंची ओटा आणि तीच खांद्याएवढी भिंत घातली. पहिल्याच पावसाळ्यात तिथल्या वॉर्डनबाईंनी फोन करून सांगितलं, की मुली सकाळी त्या ओट्यावर ओळीने वेण्या घालत बसतात. त्यानंतर आणखी दोन वसतिगृहं आमच्याकडे आली. ते 120 तास मी आजही खर्चात धरत नाही.

तेव्हा स्पर्धा सोडू नका, पण वर्षाला एकच करा, आणि ती निवडताना आधी विषय बघा. ज्यावर तुम्ही एरवीही विचार करत असता, ज्याचं उत्तर तुम्हाला स्वतःला हवं आहे, तोच विषय घ्या. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकाच्या 1981 च्या स्पर्धेत 1,421 एंट्र्या होत्या. निवडलेल्या शीटवर नाव नव्हतं, 1026 हा क्रमांक होता. ती येल विद्यापीठात शिकणाऱ्या 21 वर्षांच्या माया लिनची निघाली. मृतांच्या स्मारकांचा विषय त्या वेळी तिच्या वर्गात चालूच होता, स्पर्धा त्या अभ्यासात येऊन मिळाली. तुम्हाला शाळा आणि वाचनालयं करायची आहेत ना? मग कुठल्यातरी परदेशातल्या टॉवरच्या स्पर्धेवर दीडशे तास घालू नका.

विषय पटला की नियमावलीची प्रिंट काढा आणि पहिली रेघ मारायच्या आधी दोघांनी पेन्सिल घेऊन ती वाचा. मी सगळ्यात आधी जुरीची, म्हणजे परीक्षकांची, नावं बघते. नावं छापलेली नसतील तर तिथेच थांबते. आर्किटेक्टची नोंदणी करणाऱ्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरने स्पर्धांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. जुरीत आर्किटेक्ट बहुसंख्य असावेत, एंट्री निनावी असावी, जुरीचा निकाल आयोजकाने मानावा, असं त्यांत आहे. आपली स्पर्धा त्या सूचनांप्रमाणे आहे असं आयोजकाने छापलंय का ते पाहा. मग पहिल्या बक्षिसाशेजारचं वाक्य. 'विजेत्याची नेमणूक केली जाईल' आणि 'नेमणुकीचा विचार केला जाईल' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शंका विचारायची मुदत दिलेली असते. तेव्हा जागेचा उतारा कुणाच्या नावावर आहे आणि निधी मंजूर आहे का, हे लेखी विचारा. हक्काचं वाक्य शोधा, ते कुठे असतं ते वर सांगितलंच. आणि मागितलेली शीट मोजा. पहिल्याच फेरीत आठ शीट, मॉडेल आणि वॉकथ्रू (इमारतीतून फिरवून आणणारा व्हिडिओ) मागणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. पहिल्या फेरीत दोनच शीट आणि दुसऱ्या फेरीत निवडलेल्या प्रत्येकाला मानधन, अशी दोन फेऱ्यांची स्पर्धा असेल तर तुमच्याएवढ्या ऑफिसने ती जरूर करावी.

तासांची मर्यादा आधी ठरवून वहीच्या पानावर वरती लिहा. ज्युनिअरना रात्री थांबवलंत तर दुसऱ्या दिवशी सुट्टी द्या, आणि नोंदणी अर्जावर त्यांचीही नावं घाला. निकाल न लागलेल्या तिसऱ्या स्पर्धेच्या आयोजकाला लेखी विचारा, नोंदणी फी परत मागा, आणि उत्तर आलं नाही तर त्या पत्राची प्रत कौन्सिलला पाठवा. त्यातून पैसे मिळतील याची खात्री मी देत नाही. पण आपण शंभर जण गप्प बसलो म्हणून तोच आयोजक पुढच्या वर्षी नवी स्पर्धा जाहीर करतो, याची मला फार चीड आहे.

प्रश्न : ताई, एका स्पर्धेत दिलेलं माझं डिझाइन आयोजकांनी दुसऱ्याकडून बांधायला घेतलं आहे. जोत्यापर्यंत काम आलंय. कोर्टातून ते थांबवता येईल का?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : वाचून वाईट वाटलं. वरचा माझा अनुभव वाचलात तर का ते कळेल.

1957 च्या कॉपीराइट कायद्यात इमारत हीही कलाकृती मानली आहे. पण त्यात दोन अडचणी आहेत. एक, संरक्षण मिळतं ते इमारतीच्या कलात्मक रूपाला आणि डिझाइनला. बांधायच्या पद्धतीला किंवा रीतीला मिळत नाही. नुसती 'मध्ये अंगण, भोवती वर्ग' ही कल्पना तुमची होती, एवढ्यावर काही हाती लागणार नाही. दुसरी अडचण कलम 59 ची. बांधकाम एकदा सुरू झालं की ते थांबवायचा मनाई हुकूम किंवा ते पाडायचा आदेश कॉपीराइटच्या मालकाला मिळत नाही. जोतं वर आलंय म्हणता, म्हणजे थांबवण्याची वेळ गेली. नुकसानभरपाईची वाट मात्र उरते.

आजच्या आज एवढं करा. पाठवलेल्या शीटच्या मूळ फाइली, पाठवल्याची ईमेल किंवा कुरिअरची पावती, नियमावली आणि निकालाचं पत्र एका फाइलमध्ये लावा. साईटच्या बाहेरून, रस्त्यावरून, तारखेसह फोटो घ्या. साईटवर जाऊन भांडण करू नका. मग बौद्धिक संपदेची कामं करणाऱ्या वकिलाकडे जा, नेहमीच्या जमिनीच्या वकिलाकडे नको. नियमावलीत सगळे हक्क आयोजकाला दिल्याचं वाक्य असेल तर तेच त्यांना पहिलं दाखवा, लपवू नका.

आणि ते काम कुणा आर्किटेक्टने घेतलं असेल तर त्याला एक साधं पत्र लिहा, की मूळ डिझाइन माझं आहे. कधी कधी त्या माणसाला खरोखरच माहीत नसतं. आयोजकाने 'आमच्याकडे स्केच तयार आहे' म्हणून कागद पुढे केलेला असतो.

प्रश्न : मॅडम, मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. स्पर्धांमधली सर्टिफिकेट्स असली तर नाशिकमध्ये नोकरी लवकर मिळते का?
– एक विद्यार्थी, गंगापूर रोड

उत्तर : माझ्याकडे पोर्टफोलिओ येतो तेव्हा मी सर्टिफिकेटचं पान उलटते आणि एक सेक्शन शोधते. त्यात जिना डोक्याला लागतो का, पावसाचं पाणी गच्चीवरून कुठे जातं, खिडकीखालची भिंत किती उंच, हे नीट दिसलं तर मी मुलाखतीला बोलावते. नासा या आर्किटेक्चर विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या ट्रॉफ्यांसाठी कॉलेजची टीम रात्रंदिवस काम करते, त्यात जरूर राहा. तिथे दहा जणांत काम वाटून घ्यायला शिकता येतं, आणि ऑफिसात त्याचा फार उपयोग होतो. पण मुलाखतीत 'आम्ही केलं' म्हणू नकोस. त्यातलं तू काय केलंस ते सांग, अगदी झाडं काढली असलीस तरी चालेल. पैसे भरून नाव छापून घ्यायच्या ऑनलाइन स्पर्धांची सर्टिफिकेट्स मी बघत नाही. तेवढ्या पैशांत एक चांगली टेप घे आणि सरकारवाड्याचं लाकूडकाम मोजून काढ.

प्रश्न : आदरणीय मॅडम, निफाड तालुक्यात आमची शिक्षण संस्था आहे. तीन एकर जागेवर शाळेची नवी इमारत आणि एक सभागृह बांधायचं आहे. बजेट चार कोटी. विश्वस्तांच्या बैठकीत ठरलं, की पाच-सहा आर्किटेक्टकडून नकाशे आणि थ्रीडी मागवायचे, त्याला स्पर्धा म्हणायचं, आणि आवडेल त्याला काम द्यायचं. यात खर्च काहीच नाही. ही पद्धत योग्य आहे का?
– एक विश्वस्त

उत्तर : आपण आधी विचारलंत याबद्दल मनापासून आभार. बहुतेक संस्था नकाशे मागवून झाल्यावर विचारतात.

ही पद्धत योग्य नाही. आर्किटेक्टच्या व्यावसायिक वर्तनाचे 1989 चे नियम आहेत. एकाच मालकासाठी इतर आर्किटेक्टशी चुरशीत, विनामोबदला किंवा कमी फीवर डिझाइन करून द्यायला त्यांत मनाई आहे. कौन्सिलच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे घेतलेली स्पर्धा तेवढी त्याला अपवाद आहे. म्हणजे आपल्या बोलावण्यावरून जो फुकट नकाशा देईल, तो पहिल्याच दिवशी आपल्या व्यवसायाचा नियम मोडून येईल. आणि खरं सांगायचं तर नियम बाजूला ठेवला तरी आपल्या पदरात काय पडेल? फुकटच्या कामावर कुणी आपल्या जागेवर चार वेळा येणार नाही. जुन्या शाळेची फाइल उघडून तीच आपल्या तीन एकरांवर बसवून, वर छान थ्रीडी करून देतील. विश्वस्तांना दिवाळीच्या रोषणाईतली इमारत दिसेल. एप्रिलमध्ये दुपारी दीड वाजता पश्चिमेच्या वर्गात पोरं कशी बसतील, हे त्या चित्रात दिसत नाही.

स्पर्धा घ्याच, पण लहान आणि मानधनाची. चार आर्किटेक्ट निवडा. नुसती नावं ऐकून नको. त्यांनी बांधलेल्या, पाच वर्षं वापरात असलेल्या इमारती जाऊन बघा आणि तिथल्या शिपायाला विचारा की पावसात कुठे गळतं. चौघांना प्रत्येकी 75,000 मानधन, म्हणजे तीन लाख. स्पर्धा चालवायला एक अनुभवी आर्किटेक्ट सल्लागार म्हणून नेमा, ज्याला पुढे हे काम मिळणार नाही. त्याचं मानधन आणि जुरीचा प्रवास धरून आणखी एक लाख. एकूण चार लाख होतात, आपल्या बजेटच्या एक टक्का. शाळा पुढे पन्नास वर्षं वापरायची आहे, त्या मानाने हा खर्च मोठा नाही. जुरी पाच जणांची करा, तीन बाहेरचे आर्किटेक्ट, एक विश्वस्त आणि एक शिक्षक. शिक्षक जरूर घ्या. माझ्या अनुभवात जुरीतला सगळ्यात उपयोगी प्रश्न शिक्षकच विचारतात. मागे एकदा एका बाईंनी विचारलं होतं, "मधल्या सुट्टीत तीनशे डबे कुठे उघडायचे?" चारही प्रस्तावांत त्याला जागा नव्हती.

विजेत्याला काम देणार, हे लेखी द्या. उरलेल्या तिघांच्या नकाशांवर संस्थेचा हक्क नाही, हेही लेखी द्या. या दोन ओळी असल्या की चांगली ऑफिसं येतील. त्या नसतील तर मी स्वतः येणार नाही.

आणि आर्किटेक्टना बोलवायच्या आधी घरचा अभ्यास करा. आपल्याकडची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पायाचा खर्च तीच ठरवते. म्हणून जागेवर दोन-तीन ठिकाणी माती तपासून घ्या आणि तो अहवाल चौघांनाही द्या. नाहीतर चौघंही चार कोटींत वेगवेगळा पाया धरतील आणि जुरीला तुलना करता येणार नाही. विद्यार्थी किती, पुढच्या दहा वर्षांत किती होतील, सभागृह लग्नांना भाड्याने देणार का, द्राक्षाच्या हंगामात मुलांची हजेरी घटते का, बस कुठून वळते, हे सगळं दोन पानांत लिहून काढा. बैठकीत एकदा मोठ्याने वाचा, त्यावर विश्वस्तांची भांडणं आत्ताच होऊ द्या. स्पर्धा सुरू झाल्यावर अपेक्षा बदलल्या तर चौघांचं काम वाया जातं.

पाऊस सुरू व्हायच्या आत जागेचं कंटूर सर्वेक्षण, म्हणजे चढउतारांची मोजणी, करून घ्या. मोजणीला माणूस येईल त्या दिवशी जागेची माहिती असलेलं कुणीतरी त्याच्याबरोबर फिरू द्या, आणि बुजवलेली जुनी विहीर असेल तर ती कुठे होती तेही त्याला दाखवायला सांगा. नकाशात ती येत नाही.